पीक राखणारी तणनाशके आणि त्यांचा सुरक्षित वापर

पेरणीचे बियाणे जमिनीत पडते त्याच्या कितीतरी आधीपासून तणांचे बी तिथे मुक्कामाला असते. पहिला पाऊस झाला की दोन्ही एकदमच उगवतात आणि पाणी, खत, उजेड यांसाठी ओढाताण सुरू होते. पिकाच्या एकूण वयाचा सुरुवातीचा सुमारे एक तृतीयांश काळ या झगड्यात निर्णायक असतो. सोयाबीनमध्ये पहिला दीड महिना, कपाशीत पहिले दोन महिने आणि उसात पहिले तीन-चार महिने शेत स्वच्छ राहिले, तर पुढे पिकाची सावलीच तणाला दाबून ठेवते. नेमक्या याच दिवसांत पावसाची झड लागते, वाफसा येत नाही, कोळपे चालत नाही आणि सगळ्या गावाची खुरपणी एकाच वेळी आल्याने मजूर मिळत नाहीत. तणनाशकांची गरज बहुतेक शेतकऱ्यांना या अडचणीतून भासते.

तणनाशकांचे दोन मोठे गट पडतात. ज्या हिरव्या पानावर पडतील ते पान मारणारी ती बिननिवडक. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट ही त्यांची ठळक उदाहरणे. ठरावीक पिकाला राखून त्यातली ठरावीक तणे मारणारी ती निवडक. या प्रकरणाचा भर दुसऱ्या गटावर आहे. निवडक तणनाशकाच्या बाटलीवर पिकाचे नाव छापलेले असते, म्हणून ते त्या पिकाला नेहमीच निर्धोक असेल असा समज होतो. प्रत्यक्षात निवडकता ही अटींवर मिळते. मात्रा, वेळ, जमीन आणि हवा यांपैकी एखादी अट मोडली, की तेच औषध पिकालाही भोवते.

पीक वाचते कसे

पीक वाचण्याची कारणे साधारण तीन प्रकारची असतात. पहिले कारण जागेचे. पेंडीमिथॅलीन हे औषध पेरणीनंतर ओल्या जमिनीवर फवारले की वरच्या थरातील मातीच्या कणांना घट्ट धरून बसते. तणांचे बारीक बी याच थरात उगवते; कोंब आणि मूळ औषधाच्या संपर्कात येतात, पेशींचे विभाजन थांबते आणि रोप वर येण्यापूर्वीच खुंटते. पिकाचे बी चार-पाच सेंटीमीटर खोल असल्याने ते या पट्ट्याच्या खाली सुरक्षित राहते. बी उथळ पडले, जमीन हलकी-वाळूसर असली किंवा फवारणीनंतर लगेच मुसळधार पाऊस झाला, तर औषध बियाण्यापर्यंत उतरते आणि उगवण विरळ होते. लावणीच्या भातात प्रेटिलाक्लोर वापरतात तेही याच तत्त्वावर. रोपाची मुळे चिखलात खोल गेलेली असतात आणि औषधाचा थर वर राहतो.

दुसरे कारण रूपाचे. गवतवर्गीय पिकांची पाने अरुंद, उभी आणि मेणचट असतात. वाढीचा कोंब पानांच्या वेढ्यात, बुडाशी दडलेला असतो. रुंद पानाच्या तणाचे पान आडवे पसरलेले आणि शेंडा उघडा असतो, म्हणून त्याच्या अंगावर औषध जास्त बसते. कांद्याच्या नळीसारख्या मेणचट पातीवरून ऑक्सिफ्लोरफेनच्या फवाऱ्याचे बरेच थेंब ओघळून जातात. तरीही काही थेंब टिकतात आणि पातीवर बारीक पांढरे ठिपके पडतात; शिफारशीची मात्रा असेल तर नवी पात स्वच्छ येते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, ते म्हणजे वनस्पतीच्या आतली रसायनक्रिया. अ‍ॅट्राझीन पानातील प्रकाशसंश्लेषण बंद पाडते. मक्याच्या पेशीत ते शिरले की ग्लुटाथायोन नावाच्या पदार्थाशी त्याची जोडणी होते आणि ते निरुपद्रवी बनते. ज्वारी आणि ऊसही अ‍ॅट्राझीन पचवतात. माठ किंवा घोळ यांना ते इतक्या वेगाने जमत नाही. इमॅझेथापायर अमिनो आम्ले तयार करणारे एक विकर अडवते. सोयाबीन आणि भुईमूग त्या औषधाचेच झपाट्याने विघटन करतात. क्विझालोफॉप इथाइल गवतांमधील मेदाम्ले बनवणाऱ्या विकराला चिकटते. रुंद पानाच्या पिकांत हेच काम करणाऱ्या विकराची घडण वेगळी असल्याने सोयाबीन, कपाशी, भुईमूग यांना त्याचा त्रास होत नाही. मात्र शेजारी ज्वारी किंवा मका उभा असेल, तर गवतवर्गीय असल्यामुळे त्याला ते तण समजूनच मारते.

औषध पचवण्याच्या या शक्तीला मर्यादा असते. पीक पाण्याच्या ताणावर असेल, पाणथळ जमिनीत पिवळे पडले असेल किंवा किडीने बेजार झाले असेल, तर विघटनाचा वेग मंदावतो आणि पाने जळतात. मक्यात काही तणनाशकांच्या आगेमागे विशिष्ट सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके दिली, तरी पिकाची पचवण्याची क्षमता घटते. म्हणून तणनाशकात कीटकनाशक, विद्राव्य खत आणि टॉनिक एकत्र ओतण्याची पद्धत धोक्याची ठरते. तणनाशके एकमेकांतही सरसकट मिसळता येत नाहीत. गवत मारणाऱ्या क्विझालोफॉपसोबत २,४-डी मिसळले, तर गवतावरचा परिणाम कमी होतो. शिफारशीत नसलेले मिश्रण टाळावे.

उगवणीपूर्वी की उगवणीनंतर

उगवणपूर्व तणनाशके पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, पीक आणि तण दोन्ही वर येण्यापूर्वी द्यायची असतात. त्यांना ओल लागते. कोरड्या मातीवर पडलेले औषध ऊन आणि वाऱ्यात वाया जाते. रान भुसभुशीत व सपाट असावे; ढेकळांच्या रानात ढेकूळ फुटले की आतली औषध न लागलेली माती उघडी पडते आणि तिथे तण उगवते. फवारणी करणाऱ्याने मागे मागे सरकत यावे, म्हणजे फवारलेल्या पट्ट्यावर पाय पडत नाही. त्यानंतर काही दिवस ती जमीन हलवू नये.

उगवणीनंतरची तणनाशके पानांवाटे काम करतात. तण दोन ते चार पानांवर असताना फवारणी झाली, तर कमी औषधात काम होते. सोयाबीनमध्ये हा काळ साधारण पेरणीनंतर १५ ते २० दिवसांचा असतो. या मुदतीनंतर तण वीतभर वाढते, पाने निबर होतात आणि शिफारशीच्या मात्रेने ते फक्त पिवळे पडून पुन्हा फुटते. अशा वेळी मात्रा दुप्पट केल्याने तणापेक्षा पिकालाच अधिक इजा होते. उशीर झाला असेल तर खुरपे हाच योग्य उपाय.

पिकाची अवस्थाही तितकीच महत्त्वाची. गव्हात चाकवतासारख्या रुंद पानाच्या तणांसाठी २,४-डी पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी, फुटवे आल्यावर वापरतात. त्यापूर्वी किंवा कांडी धरल्यानंतर दिल्यास ओंब्या वेड्यावाकड्या निघतात. पीक तेच आणि औषधही तेच, तरी पंधरा दिवसांच्या चुकीने निवडकता हरवते.

तण ओळखून औषध

दुकानात जाण्यापूर्वी शेतात फेरी मारून तणांचे तीन गट पाहावेत: गवतवर्गीय, रुंद पानाची आणि लव्हाळावर्गीय. शिपी, चिमणचारा, हराळी ही गवते. माठ, दुधी, आघाडा, कुर्डू, गाजरगवत ही रुंद पानाची. केना दिसायला रुंद पानाचा असला तरी एकदल आहे, आणि अनेक औषधांना तो सहज दाद देत नाही. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण त्याचा दांडा तिधारी असतो. तो बोटांत फिरवला की तीन कडा लगेच जाणवतात. गवत मारणारे क्विझालोफॉप लव्हाळ्यावर चालत नाही. उसातील लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे वेगळे औषध आहे. लव्हाळा जमिनीखालच्या गाठींतून फुटत असल्याने वरची पात जळली म्हणजे तो मेला असे होत नाही.

भातात उगवणीनंतर बिसपायरीबॅक सोडियम, सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर, कपाशीत रुंद पानांसाठी पायरिथायोबॅक सोडियम, गव्हात मेटसल्फ्युरॉन मिथाइल आणि मक्यात टेंबोट्रायोन अशी ढोबळ विभागणी सांगता येते. लेबलावर त्या पिकाचे नाव आहे की नाही, हा अखेरचा निकष. भारतात तणनाशकेही १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. कोणते औषध कोणत्या पिकात, किती मात्रेत वापरायचे याला नोंदणी समितीची मंजुरी लागते आणि तीच माहिती लेबलावर छापलेली असते.

आंतरपीक असेल तर निवड आणखी काटेकोर होते. ज्वारीत तुरीचे तास असतील, तर ज्वारीला चालणारे अ‍ॅट्राझीन तुरीला मारते. उसात हरभरा, सोयाबीन किंवा भाजीपाला घेतला असेल, तर उसासाठी योग्य असलेले २,४-डी तिथे वापरता येत नाही. दोन्ही पिकांना मानवणारे औषध सापडत नसेल, तर कोळपणी-खुरपणीवरच भर द्यावा लागतो.

मात्रेचा हिशेब

तणनाशकाची मात्रा क्षेत्रावर ठरते, पंपावर ठरत नाही. ‘पंपाला इतके मिली’ हा गावोगावचा हिशेब चुकतो, कारण दोन माणसे एकाच एकरात सारखे पंप मारत नाहीत. एक झपाझप चालतो, दुसरा रेंगाळतो. म्हणून फवारणाऱ्या माणसाचे, पंपाचे आणि नोझलचे आधी मोजमाप घ्यावे लागते.

त्याची सोपी रीत अशी. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे एक गुंठा जागा आखावी. पंपात मोजून १० लिटर साधे पाणी भरावे आणि नेहमीच्या चालीने तेवढी जागा फवारावी. उरलेले पाणी मोजावे. समजा साडेपाच लिटर उरले, तर गुंठ्याला साडेचार लिटर लागले. एकरात ४० गुंठे, म्हणून एकरी १८० लिटर. १५ लिटरचा पंप असेल तर १२ पंप. सोयाबीनमध्ये १० टक्के तीव्रतेच्या इमॅझेथापायरची शिफारस हेक्टरी एक लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली आहे. तिला १२ ने भागले की पंपाला सुमारे ३३ मिली येते. हाच ३३ मिलीचा आकडा ऐकून शेजाऱ्याने एकरात १८ पंप मारले, तर त्याच्या शेतात ६०० मिली औषध पडते. म्हणजे दीडपट मात्रा झाली, आणि पीक पिवळे का पडले हे कुणाला कळत नाही.

औषध मोजण्यासाठी मापाचे भांडे किंवा मोठी सिरिंज ठेवावी. बाटलीच्या झाकणाने अंदाज घेऊ नये. पाणी स्वच्छ हवे. गढूळ पाण्यातील मातीचे कण काही औषधांना धरून ठेवतात, आणि क्षारयुक्त जड पाण्यात २,४-डीच्या काही प्रकारांचा साका बसून नोझल तुंबते. पावडर किंवा दाणेदार औषध आधी थोड्या पाण्यात कालवून, मग पंपात ओतावे. लेबलावर चिकटद्रव्य मिसळण्याची सूचना असेल तरच ते घालावे.

कीटकनाशकाच्या फवारणीचे गोल, पोकळ शंकूसारखा फवारा देणारे नोझल इथे उपयोगाचे नाही. ते बारीक धुके तयार करते. तणनाशकासाठी सपाट पंख्यासारखा फवारा देणारे फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल लावावे. त्याचे थेंब मोठे असतात आणि पट्टा सारखा पडतो. नोझल जमिनीपासून एकाच उंचीवर धरून सरळ चालावे. हात डावीकडे-उजवीकडे हलवत फवारले, तर टोकाला दुप्पट आणि मध्ये निम्मे औषध पडते. पॉवर स्प्रेच्या जोरदार दाबाचा तणनाशकासाठी फायदा होत नाही; दाब वाढला की थेंब फुटून धुके होते.

वारा आणि शेजारचे शेत

तणनाशकाबाबत सर्वांत जास्त भांडणे बांधावर होतात. त्याचे मूळ थेंबाच्या आकारात आहे. १०० मायक्रॉनचा थेंब तीन मीटर उंचीवरून खाली यायला सुमारे ११ सेकंद घेतो, तर २० मायक्रॉनच्या थेंबाला चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. एवढ्या वेळात हलकी झुळूकही त्याला शेजारच्या रानात नेऊन टाकते.

२,४-डी या बाबतीत सर्वांत बदनाम आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधले गेलेले आणि १९४५ च्या सुमारास बाजारात आलेले हे औषध निवडक तणनाशकांच्या युगाची सुरुवात मानले जाते. वनस्पतीतील ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाची ते नक्कल करते. रुंद पानाच्या झाडात बेबंद वाढ होऊन खोड पिळवटते आणि अन्नवाहिन्या बंद पडतात. कपाशी, द्राक्ष आणि टोमॅटो यांना त्याचा अत्यल्प अंशही सोसत नाही. उसात मारलेल्या २,४-डीचा फवारा शेजारच्या कपाशीवर गेला, तर काही दिवसांत नवी पाने अरुंद आणि खोल चिरलेली, थेट भेंडीच्या पानासारखी निघतात. द्राक्षाची पाने पंख्यासारखी आकसतात, शिरा जवळ येतात. बऱ्याचदा हा विषाणूजन्य रोग समजून त्यावर आणखी फवारण्या केल्या जातात.

२,४-डीचे इस्टर रूप उष्णतेत वाफ होऊन फवारणीनंतरही दूर जाऊ शकते. अमाइन आणि सोडियम क्षारांची वाफ त्या मानाने फार कमी होते. जवळपास द्राक्षबाग, कपाशी किंवा भाजीपाला असेल, तर इस्टर टाळावे, आणि शक्य असल्यास २,४-डीऐवजी दुसरे औषध निवडावे.

फवारणीसाठी पाने हलकेच हलतील एवढा, साधारण ताशी ३ ते १० किलोमीटर वारा योग्य, आणि त्याची दिशा संवेदनशील पिकापासून दूर जाणारी हवी. अगदी वारा पडलेली पहाट किंवा संध्याकाळ सुरक्षित वाटते, पण तीही फसवी असते. अशा वेळी जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही. धुके तिच्यातच तरंगत राहते आणि कुठल्याही बाजूला सरकू शकते. शेजाऱ्याच्या बाजूच्या काही ओळी न फवारता सोडणे आणि फवारणीचा दिवस त्याला आधी सांगणे, एवढ्याने बरेच वाद टळतात.

विहीर, ओढा आणि शेततळ्याच्या काठावरही असाच पट्टा सोडावा. पेंडीमिथॅलीन आणि ब्युटाक्लोर माशांना अत्यंत विषारी आहेत. भातखाचरात औषध दिल्यावर दोन-तीन दिवस पाणी बाहेर सोडू नये, म्हणजे ते खालच्या खाचरांत व ओहोळात जात नाही.

जमिनीत उरणारा अंश

काही तणनाशके आठवडाभरात निकामी होतात, काही पुढच्या हंगामापर्यंत टिकतात. खरिपातील मक्यात अ‍ॅट्राझीन जादा पडले आणि पुढे पाऊस कमी झाला, तर रब्बीतील गहू, हरभरा किंवा भाजीपाल्याची पाने कडेने पिवळी पडून करपतात. इमॅझेथापायरचा अंश मोहरीवर्गीय पिकांना आणि काही भाज्यांना बाधतो. कोरडी जमीन, कमी सेंद्रिय पदार्थ आणि थंडी यांमुळे औषधाचे विघटन लांबते, कारण ते मुख्यतः मातीतील सूक्ष्मजीवांकडून होते.

शंका असेल तर दोन कुंड्यांची चाचणी घ्यावी. एकीत फवारलेल्या शेताच्या वरच्या थरातील माती, दुसरीत तणनाशक न पडलेली तशीच माती. दोन्हींत पुढच्या पिकाचे दहा-दहा दाणे टोकावेत आणि दोन-तीन आठवडे वाढ पाहावी. पहिल्या कुंडीतील रोपे खुजी किंवा पिवळी दिसली, तर पीक बदलावे किंवा पेरणी लांबवावी. या चाचणीसाठी कोणत्या शेतात कोणते औषध, किती आणि कोणत्या तारखेला दिले याची वही ठेवलेली असावी.

बांध, माळरान आणि झुडपे

बांधावरचे सगळे गवत जाळून टाकणे तोट्याचे असते. गवताची मुळे माती धरतात. उघडा बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटतो आणि मोकळ्या जागेवर गाजरगवताचे बी आधी उगवते. हे तण भारतात प्रथम पुण्यात १९५५-५६ मध्ये आढळले. आज ते देशभर आहे आणि त्याच्या स्पर्शाने व परागकणांनी त्वचेचे आणि श्वसनाचे विकार होतात. बांधावर गवत राखून गाजरगवत मारायचे असेल, तर फुले येण्यापूर्वी, रोपावस्थेत २,४-डी किंवा मेट्रीब्युझीनसारखे औषध उपयोगी पडते. फुलावर आलेले झाड फवारले, तरी त्यावरचे बरेचसे बी पक्व होऊन गळते. जोडीला दोन जैविक उपाय आहेत. १९८४ मध्ये बंगळूर भागात सोडलेला मेक्सिकन भुंगेरा पावसाळ्यात गाजरगवताची पाने फस्त करतो, आणि टाकळ्यासारखी दाट उगवणारी झाडे त्याची जागा व्यापतात. भुंगेरा दिसत असलेल्या जागी फवारणी टाळावी.

घाणेरी, रानमोडी आणि वेडी बाभूळ यांच्यासारखी खोडाची झुडपे नुसती छाटली तर बुडाच्या डोळ्यांतून अधिक दाट फुटतात. वेड्या बाभळीचे एक खोड तोडले की वर्षभरात त्याची पाच-सहा होतात. अशा झुडपांवर औषध वापरायचे असेल, तर ते छाटलेल्या बुंध्यावर लावणे ही सर्वांत नेमकी पद्धत आहे. खोड जमिनीलगत सपाट कापावे, भुसा झटकावा आणि काही मिनिटांच्या आत कापलेल्या भागाच्या कडेला, सालीलगतच्या ओल्या वर्तुळावर ब्रशने औषध लावावे. झाडाची जिवंत वाहिनी त्या कडेला असते. मधल्या गाभ्यावर ओतलेले औषध वाया जाते. उशीर झाला की काप सुकतो आणि औषध मुळांपर्यंत जात नाही. पावसाळा संपताना, पानांतील अन्न मुळांकडे जात असते त्या काळात परिणाम चांगला मिळतो. फवाऱ्याची गरज नसल्याने आजूबाजूचे गवत आणि चांगली झाडे वाचतात.

ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत कुरणांतील झुडपांसाठी ट्रायक्लोपायरसारखी, गवत राखून खोडाची झाडे मारणारी औषधे वापरतात. परदेशी माहिती वाचून ती इथे आणणे बेकायदा ठरू शकते. भारतात नोंदणी आणि लेबल काय सांगते तेच ग्राह्य. ग्लायफोसेटबाबत केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रणाचे काम करणाऱ्या परवानाधारकांपुरता मर्यादित करण्याचा निर्णय जाहीर केला. वनजमिनीवर तर वनविभागाच्या परवानगीशिवाय कोणतीही फवारणी करता येत नाही.

घाणेरीसाठी औषधाशिवाय जमणारा मार्गही आहे. तिच्या मुख्य मुळावर जमिनीखाली तीन इंचांच्या आसपास घाव घालून बुंधा मुळापासून वेगळा करायचा आणि झुडूप उलटे टाकून वाळू द्यायचे. फुटणारे डोळे याच सांध्यात असल्याने खालचे मूळ पुन्हा वर येत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत गवताचे बी टाकले, तर नवी रोपे दबतात.

फवारलेल्या जागी जनावरे सोडू नयेत. घाणेरी मुळातच जनावरांच्या यकृताला घातक आहे, आणि औषधाने कोमेजलेल्या विषारी झाडांकडे गुरे कधीकधी अधिक ओढली जातात. बांधावरचा टाकळा, कुर्डू, घोळ, तांदुळजा या रानभाज्या म्हणून खुडल्या जातात. फवारणी झालेली जागा गावात सांगावी आणि तिथली भाजी व चारा कापू नये.

फवारणाऱ्याचे शरीर

डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल अत्यंत विषारी, पिवळा जास्त विषारी, निळा मध्यम, हिरवा त्या मानाने कमी. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक असे नाही. हे वर्गीकरण मुख्यतः एकदम पोटात गेलेल्या मात्रेवर आधारलेले आहे आणि डोळ्यांची जळजळ किंवा दीर्घकाळचा संपर्क यांचा अंदाज त्यातून येत नाही. २,४-डीच्या अमाइन प्रकारामुळे डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते.

सर्वाधिक धोका फवारताना वाटतो, पण तो पंप भरताना असतो, कारण त्या वेळी हातात न मिसळलेले, घट्ट औषध असते. नायट्राइलचे किंवा जाड रबरी हातमोजे, चष्मा किंवा चेहऱ्यासमोरची पारदर्शक ढाल आणि प्लास्टिकचा अ‍ॅप्रन हे निदान तेव्हा तरी हवेच. कापडी हातमोजे औषध शोषून ते कातडीला धरून ठेवतात. अंगभर कपडे, टोपी, नाकातोंडावर मास्क आणि गमबूट घालावेत. विजारीचे पाय बुटाच्या बाहेर ठेवावेत, म्हणजे ओघळ बुटात उतरत नाही. गळका पंप पाठीवर घेऊ नये. पाठीवरून कमरेखाली झिरपलेले औषध कातडीतून अंगात जाते, आणि मांड्यांच्या सांध्याजवळची कातडी ते सर्वांत लवकर शोषते. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. जुना टूथब्रश जवळ ठेवावा. हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये, पाणी पिऊ नये. गरोदर महिला आणि मुले यांना या कामापासून दूर ठेवावे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती प्रकरणे कीटकनाशकांची होती, पण संरक्षक साधनांविना फवारणी केल्याने काय होते हे त्यांतून दिसले.

विषबाधा झाल्यास माणसाला मोकळ्या हवेत आणून कपडे काढावेत, कातडी साबण-पाण्याने आणि डोळे वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावेत. लेबलावर सांगितले नसेल तर ओकारी काढायला लावू नये; द्रावकयुक्त औषध ओकताना फुप्फुसात गेले तर प्रकृती आणखी बिघडते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डबा किंवा लेबल डॉक्टरांना दाखवावे. अ‍ॅट्रोपीन हा उतारा सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेट कीटकनाशकांवर चालतो. तणनाशकांवर तो उतारा नाही, म्हणून औषधाचे नेमके नाव कळणे फार मोलाचे असते. पॅराक्वाटवर तर कोणताच उतारा उपलब्ध नाही. त्याचा छोटा घोटही फुप्फुसे निकामी करून जीव घेऊ शकतो. म्हणूनच कोणतेही तणनाशक पाण्याच्या, शीतपेयाच्या किंवा दारूच्या बाटलीत काढून ठेवू नये आणि मूळ डबा कुलुपात ठेवावा.

पंप, डबे आणि शिल्लक

तणनाशकाचा पंप वेगळा असावा, २,४-डीचा तर नक्कीच. नळीच्या आतल्या भागात राहिलेला अंश पुढे कपाशीवर कीटकनाशक मारताना बाहेर येतो आणि पाने भेंडीसारखी होतात. काम झाल्यावर पंप, नळी, गाळणी आणि नोझल धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने व नंतर साध्या पाण्याने अनेकदा धुवावेत. हे पाणी फवारलेल्याच क्षेत्रात पसरावे. विहीर, पाट किंवा गोठ्याजवळ ओतू नये. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच घ्यावे, डब्याला भोके पाडावीत आणि तो घरी पाण्यासाठी किंवा धान्यासाठी वापरू नये. खरेदीचे पक्के बिल आणि त्यावरील बॅच क्रमांक जपून ठेवावा. बनावट औषधाची किंवा पीक जळाल्याची तक्रार कृषी विभागाकडे करताना तोच पुरावा असतो.

सोसणारी तणे

एकच औषध वर्षानुवर्षे वापरले, तर जी मोजकी रोपे त्यातून वाचतात त्यांचेच बी पुढे वाढते. हरियाणातील भात-गहू पट्ट्यात आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक सलग वापरले गेले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गव्हातील गुल्लीदांडा हे तण त्याला दाद देईनासे झाले. नवी औषधे आणावी लागली; पुढे त्यांतल्या काहींनाही ते सरावले. महाराष्ट्रातील सोयाबीनच्या पट्ट्यात एकाच गटाची औषधे दरवर्षी मारण्याची पद्धत पडली, तर असाच धोका आहे.

यावर उपाय म्हणजे औषधाचा गट बदलणे. व्यापारी नाव बदलले म्हणजे गट बदलला असे होत नाही. इमॅझेथापायर आणि मेटसल्फ्युरॉन यांची नावे वेगळी असली तरी दोन्ही एकाच विकरावर काम करतात. एका हंगामात उगवणपूर्व पेंडीमिथॅलीन आणि त्यानंतर एखादी कोळपणी, पुढच्या हंगामात फेरपालटीचे पीक आणि त्याला चालणारे वेगळ्या गटाचे औषध, असा क्रम लावता येतो. पेरणीपूर्वी पहिल्या पावसावर उगवलेले तण वखराच्या पाळीने मोडणे, चांगले कुजलेलेच शेणखत वापरणे आणि ओळींमध्ये आच्छादन करणे यांनी औषधाची गरज घटते. फवारणीनंतर तग धरून राहिलेली तुरळक झाडे बी धरण्यापूर्वी हाताने उपटून शेताबाहेर काढावीत. सोसणाऱ्या तणाचा वंश तिथेच थांबतो.